ओढ्यावरचं दुकान आणि शेणातली ज्वारी

दसरा-दिवाळी उरकली की मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीड जिल्हा यात सगळ्यांत पुढे, पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठण, कन्नडकडच्या वाड्यातांड्यांवरूनही ट्रॉल्या भरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्च झालेली असते. ती फेडायला नवरा-बायकोच्या जोडीनं, म्हणजे एका कोयत्यानं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. ट्रॉलीत कोपीचं, म्हणजे तिकडच्या झोपडीचं, सामान, पिठाचं पोतं, भांडीकुंडी, एखादी शेळी. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जातंच. शाळेत घातलेलं मूल मात्र पुष्कळ घरांत मागं राहतं, आजीपाशी.

पुढचे पाच-सहा महिने त्या घरात एक माणूस कमावत्या वयाच्या अलीकडचं आणि एक पलीकडचं. रोकड दोघांकडेही नसते. तरी चूल पेटते. ती कशी पेटते हे नीट पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे आजीच्या मायेवर भरपूर लिहिलं गेलं. तिच्या हिशेबावर फारसं कुणी लिहिलं नाही.

हा हिशेब जगाला ज्या एका आजीमुळे माहीत झाला ती जपानची. अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पाहुण्यांत कुणी साठी उलटलेलं भेटलं तर त्याला ही गोष्ट सांगावी लागणार नाही. योशिची शिमादा हे तिथल्या एका नावाजलेल्या विनोदी नटाचं रंगमंचावरचं नाव. जन्म १९५०चा, हिरोशिमाचा. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गानं वडील गेले. आई रात्री मद्याचं छोटं दुकान चालवायची आणि त्या वस्तीत मूल वाढवणं तिला जमेना. १९५८ साली तिनं या आठ वर्षांच्या मुलाला क्यूशू बेटावरच्या सागा गावी आपल्या आईकडे धाडलं. निरोप देताना मुलाला कळू दिलं नव्हतं. मावशीला पोचवायला म्हणून स्टेशनवर नेलं आणि गाडी सुटताना आत ढकललं.

आजीचं नाव ओसानो. जन्म १९००चा. नवरा १९४२ साली वारल्यावर सागाच्या विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या शाळांत झाडलोट करून तिनं सात मुलं वाढवली होती. नातू दारात आला तेव्हा तिनं त्याला कुरवाळत बसण्याऐवजी थेट चुलीपाशी नेलं आणि भात शिजवायला शिकवलं. ती पहाटेच कामाला जायची. पोराला स्वतःचं जेवण स्वतः करता यायला हवं होतं. मला तिची ही पहिली कृती पुढच्या सगळ्या गमतीजमतींपेक्षा मोठी वाटते.

गमती मात्र खऱ्याच भारी होत्या. घरासमोरून ओढा वाहायचा आणि वरच्या अंगाला भाजीबाजार होता. आजीनं ओढ्यात आडवी काठी बसवली. बाजारातून फेकलेला दुतोंडी मुळा, वाकडी काकडी, थोडा नासका कोबी वाहत येऊन तिथं अडकायचा. त्याला ती आपलं घरपोच दुकान म्हणायची, आणि काही आलं नाही तर आज दुकान बंद आहे म्हणायची. कमरेला दोरीनं लोहचुंबक बांधून ती कामावरून परतायची; वाटेतले खिळे, पत्र्याचे तुकडे त्याला चिकटायचे आणि साठले की भंगारात विकायची. नातवाला खेळाचा नाद लागला तेव्हा तिनं धावायला सांगितलं, कारण त्याला सामान लागत नाही. वर बजावलं, फार जोरात धावू नको, भूक लागते. आणि बूट काढून धाव, झिजतात.

या आठवणी शिमादानं आधी स्वतःच्या खर्चानं छापल्या. पुढे २००४च्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीनं त्या घरोघर पोचल्या आणि २००६ साली सिनेमा आला. लोकांनी लक्षात ठेवलं ते चुंबक आणि ओढा. पण त्याच पुस्तकात दोन प्रसंग आहेत ज्यांत आजी जवळजवळ काहीच करत नाही. टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकणारा सायकलवरून यायचा. मोडलेली वडी अर्ध्या किमतीत द्यायचा आणि आजी नेहमी तीच मागवायची. एके दिवशी मोडलेली वडी नव्हती, तर त्यानं गुपचूप एक मोडली. दुसरा प्रसंग शाळेच्या क्रीडादिनाचा. सगळ्यांचे आईबाप आलेले आणि हा वर्गात एकटा डबा खात बसलेला. एक शिक्षक आले, म्हणाले पोट बिघडलंय, माझ्या डब्यातलं चमचमीत सोसवणार नाही, तुझा साधा डबा मला दे. मग दुसरे आले, तेही पोट धरून.

आजीची युक्ती एकट्या आजीच्या डोक्यावर चालत नाही. भोवतीच्या माणसांनी मूठ जरा सैल ठेवलेली असावी लागते, आणि ती सैल ठेवलीय हे घेणाऱ्याला जाणवू न देण्याची रीतही असावी लागते. मराठवाड्यातल्या गावात ही रीत होती आणि तिला मापं होती.

उसनं मागण्याचं बघा. चार शेरांची पायली. शेराची दोन मापटी. मापट्याची दोन चिपटी. पाहुणे आले, पीठ संपलं, तर आजी शेजारी जाऊन मापटंभर ज्वारी उसनी आणायची. आणताना माप सपाट, परत करताना शिगेचं. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभं राहणारं धान्याचं टोक. व्याजाचा शब्दही न काढता दिलेलं ते व्याज होतं, आणि त्याच्या जोरावर पुढच्या वेळी मान खाली न घालता मागता यायचं. ज्या म्हातारीचं माप सपाट परत यायचं तिला गाव नाही म्हणत नसे, पण दुसऱ्यांदा माप जरा हात आखडून भरलं जायचं.

सुगीनंतर सरवा. कणसं खुडून झाली की रानात राहिलेली, धसकटांत अडकलेली, बैलाच्या पायाखाली गेलेली कणसं वेचायला म्हाताऱ्या आणि पोरं निघायची. भल्या घरचा शेतकरी मजुरांना फार निपटून खुडू द्यायचा नाही. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत तुटून राहिलेल्या शेंगा उकरणं हे तर पोरांचं हक्काचं काम. तीच धसकटं, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीला. गायरानातून आणलेल्या शेणाच्या गोवऱ्या. शहरात आलेल्या आज्यांनीही ही नजर सोडली नाही. मोंढ्यात पोती उतरताना सांडलेलं मातेरं झाडून, पाखडून, खडे निवडून त्यातून दळण काढणाऱ्या म्हाताऱ्या छत्रपती संभाजीनगरात जाधववाडीच्या बाजार समितीत जाणाऱ्यांना अनोळखी नाहीत.

घरातली शिस्त वेगळी. उन्हाळ्यात कण्यांच्या खारोड्या वाळत घालायच्या, हरभऱ्याचा खुडलेला पाला सुकवून मडक्यात भरायचा. येसर तर खास मराठवाड्याची अक्कल: बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने असं भाजून दळून ठेवलेलं मसाल्याचं पीठ. भाजीचा पत्ता नसलेल्या दिवशी मूठभर येसर पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार, आणि तिच्यात धान्य व डाळ दोन्ही असल्यानं नुसत्या मिरचीच्या पाण्यापेक्षा ती अंगी लागते. कडधान्य राखेत घोळवून ठेवायचं. राख दाण्यांच्या फटी बुजवते, किड्यांना हलायला जागा राहत नाही. शिवाय त्यांच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर घासला जाऊन ते कोरडे पडून मरतात. पावसाळ्यात तरवटा, घोळ, पाथरी, तांदुळजा. शेताच्या बांधावर फुकट मिळणाऱ्या घोळीत ओमेगा-३ जातीचं स्निग्ध आम्ल असतं, जे पालेभाज्यांत क्वचित सापडतं. आजीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. कोणती भाजी कुठल्या नक्षत्रात कोवळी असते आणि कोणती कधी पोटात दुखवते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळानं हे सगळं एकदमच पणाला लागलं. कर्ती माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. घरी आज्या, नातवंडं, सरकारची सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या भाकरीची चव आजही त्या वयाची माणसं तोंड वाकडं करून सांगतात.

आता एक आजी अशी, जिच्यासाठी गावाची मूठ कधी सैल झाली नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली आलं. लिंबाळे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले, जन्म १९५६चा. आई दलित, बाप दुसऱ्या गावचा पाटील, आणि त्या बापानं नाव द्यायला नकार दिलेला. मुलगा वाढला तो आईच्या आईपाशी. तिचं नाव संतामाय. तिच्याबरोबर राहणारे महमूद दस्तगीर जमादार एसटी स्टँडवर हमाली करायचे, संतामाय स्टँड झाडायची, आणि बिऱ्हाडही स्टँडवरच असे. मुलगा जमादारांना दादा म्हणायचा. गावाच्या कोणत्याच चौकटीत न बसणारी ही तीन माणसं. ती सख्ख्यासारखी राहिली, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं आश्चर्य वाटतं.

सुगीच्या दिवसांत गुरं रानात कणसं खातात. ज्वारीच्या दाण्याचं आवरण कठीण असतं. चघळण्यातून न फुटलेला दाणा गाईगुरांच्या चारही कप्प्यांच्या पोटातून तसाच्या तसा शेणात उतरतो. म्हणून आज पशुखाद्यात ज्वारी भरडून किंवा चपटी करून घालतात. संतामायला हे शेणातच दिसलं होतं. फुगलेले पिवळट दाणे असलेला पो ती उचलायची, पाण्यावर नेऊन धुवायची, दाणे उन्हात वाळवून दळायची. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खायची. नातवाला मागून आणलेल्या किंवा चांगल्या पिठाची द्यायची. एकदा त्यानं हट्टानं तिच्यातली मागितली, तेव्हा तोंडात शेणाचा वास भरला.

सागा गावच्या ओढ्यातली काठी आणि हे धुतलेलं शेण, दोन्हींमागचं डोकं एकाच जातीचं. वरून जे टाकलं जातं त्यातलं खाण्याजोगं काय, ते ओळखायचं. पण ओढ्यातल्या मुळ्यावर हसू येतं आणि इथं येत नाही. ओसानो गरीब होती, पण टोफूवाल्यानं तिच्यासाठी वडी मोडली. संतामाय ज्या गावात होती तिथं सरवा वेचायला, उसनं मागायला, विहिरीवर जायला जात आडवी येत होती. गरिबी एकच असली तरी तिच्यातून वाट काढायची साधनं गाव सगळ्यांना सारखी देत नाही. आजीच्या काटकसरीच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग हटकून गाळतो. गोष्ट गोड राहते, आणि खोटी होते.

संतामाय आपल्याला कळली ती नातू शिकला म्हणून. छत्रपती संभाजीनगर शहराचा त्यात वाटा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं, तेच पुढे नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. खेड्यांतून आलेली पहिल्या पिढीची मुलं तिथल्या वसतिगृहांत राहून लिहायला लागली आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’नं इथूनच त्या लिहिण्याला जागा दिली. लिंबाळे या वाटेनं आलेले नसले तरी त्यांचं पुस्तक वाचायला तयार झालेला वाचक याच वाटेनं घडला. सागाच्या आजीला नातू विनोदी नट निघाला म्हणून लोकांनी ओळखलं. ज्यांची नातवंडं कागदापर्यंत पोचलीच नाहीत अशा आज्यांची मोजदाद कोण करणार?

थोडीफार मोजदाद शास्त्रज्ञांनी केली आहे, निराळ्या कारणानं. माणसाच्या मादीची पाळी थांबते आणि त्यानंतरही ती वीस-तीस वर्षं जगते. बहुतेक प्राण्यांत असं नाही. निसर्गानं ही वर्षं कशासाठी दिली? क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हादझा या शिकारी-वेचणाऱ्या लोकांत राहिले. त्यांना दिसलं की सगळ्यांत जास्त वेळ कंद खणतात त्या म्हाताऱ्या बायका. आईला नवीन मूल झालं आणि ती अडकली की आधीच्या लेकराचं वजन आजीच्या खणण्यावर टिकतं. यातून ‘आजी गृहीतक’ मांडलं गेलं: आजीचं लांबलेलं आयुष्य हीच नातवंडांची शिदोरी आहे. आफ्रिकेतल्या गांबियात रेबेका सीअर आणि रूथ मेस यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तर आईची आई जवळ असलेली मुलं जास्त तगलेली आढळली. बापाच्या आईनं तसा फरक पडत नव्हता. जपानमधल्या एका खेड्याच्या १६७१ ते १८७१ या दोनशे वर्षांच्या नोंदवह्या अभ्यासकांनी चाळल्या, तिथंही आईच्या आईचंच पारडं जड निघालं.

ओसानो आईची आई, संतामायही आईची आई. आपल्या टोळ्यांच्या गावात मात्र मूल राहतं ते बहुधा बापाच्या आईपाशी, कारण घर तिचं, शाळा तिच्या गावची. आकडे परक्या मुलखाचे आहेत. ते उचलून इथल्या सासूच्या माथी मारू नयेत. तरी आजोळी जाताना लेकरं का हरखतात, याला एखादं जुनं कारण असेलही.

सागाच्या गोष्टीचा शेवट गोड व्हायला आणखी एक गोष्ट कारणी लागली, जिचा आजीशी संबंध नाही. मुलगा तिच्याकडे आला तेव्हा जपान युद्धातून सावरत होता. १९६० साली पंतप्रधान इकेदांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली आणि ते मुदतीआधीच दुप्पट झालं. तो मोठा होईपर्यंत वाकडी काकडी ओढ्यातून काढायची गरज देशालाच राहिली नव्हती. म्हणून ती आठवण झाली, आणि आठवणीवर हसता येतं. मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ सरला, धरणं झाली, पैठणला नाथसागर भरला, साखर कारखाने वाढले आणि त्या कारखान्यांना तोडणारे हात लागले. आजची आजी ही बऱ्याचदा काल स्वतः कोयता धरलेली बाई असते. मुलींची लग्नं लवकर होणाऱ्या या पट्ट्यात पंचेचाळिशीतच बाई आजी होते, आणि डोक्यावर मोळी पेलवेनाशी झाली की घरी राहते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला होता. घरी राहिलेल्या आज्यांच्या पाठीकंबरेचा काही इतिहास तिथंही आहे.

तिची जुनी साधनं एकेक करून गेली. ज्वारीच्या जागी कपाशी, मका आणि सोयाबीन आलं. कपाशीच्या सरव्यात भाकरी नसते. तणनाशकाच्या फवाऱ्यानं घोळ आणि तरवटा बांधापर्यंत जळून जातो. उरलेला खुडावा तर विषाची भीती. बदली साधनं आली ती सरकारी: अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला ३५ किलो धान्य, संजय गांधी निराधार योजनेचे २०२३पासून दरमहा दीड हजार, नातवाला शाळेत शिजवलेलं जेवण. हेही हिशेबानंच वापरावं लागतं. गोवऱ्या थापून, खुरपून झिजलेल्या बोटांचा ठसा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो म्हणून आजी नातवाला बरोबर नेते, मग त्या दिवशी त्याची शाळा बुडो.

मुलगा असेल तर हे सगळं निभतं. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की याच आजीचा हिशेब थांबतो. राखेनं कडधान्य राखता येतं. एकट्या म्हातारीला दाराच्या कडीच्या भरवशावर वयात आलेली पोर राखायची हिंमत होत नाही. गावात हंगामी वसतिगृह असलं तरी पुष्कळ ठिकाणी त्यात जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडेच. मग मुलगी शाळा सोडून टोळीबरोबर जाते, कोपीवर स्वयंपाक करते, धाकटी भावंडं सांभाळते. नाहीतर तिचं लग्न ठरतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: ४१ तालुके, प्रत्येकात मुलांचं एक आणि मुलींचं एक, मिळून ८२. मुलींचं वसतिगृह जिथं चालू आहे तिथं आजी पोरीला शाळेत ठेवायला तयार होते. जिथं ते नाही तिथं टोळी निघायच्या आत लग्न उरकून घेतात. नव्या जोडीचा कोयता वेगळा धरला जातो आणि मुकादम त्यावर वेगळी उचल देतो.